तळटिपेतली जात

कुणाच्या लेखनाचा किती जणांनी आधार घेतला हे मोजण्याचं शास्त्र आता साठ वर्षांचं झालं. १९६४ मध्ये फिलाडेल्फियात युजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. त्यामागची कल्पना साधी होती. नव्या निबंधाने कोणत्या जुन्या निबंधाचा आधार घेतलाय, हा धागा धरून वाचकाला मागे-पुढे जाता यावं. ग्रंथपालाचं एक हत्यार, एवढंच. पण हत्याराची फूटपट्टी झाली आणि फूटपट्टीची गुणपत्रिका. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला आणि माणसाची सगळी विद्वत्ता एका आकड्यात बसू लागली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक लावले. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलेला हवा, ही अट तर नोव्हेंबर २०२२ पर्यंत होती. शाहूपुरीत आमच्याकडे फेलोशिपचे अर्ज भरायला येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी त्या काळात ‘प्रकरण कुठवर आलं’ यापेक्षा ‘पेपर लागला का’ हाच प्रश्न जास्त असायचा. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिकं निघाली. त्यांना आळा घालायला ‘केअर’ यादी आली. ती सांभाळणारा कक्ष सावित्रीबाईंच्या नावाच्या पुणे विद्यापीठात होता. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही गुंडाळली.

हा सगळा आजचा गोंधळ. पण मोजणीच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते कुणी तपासत नाही. जो महत्त्वाचा त्याचा आधार घेतला जातो, आणि ज्याचा आधार घेतला जात नाही तो महत्त्वाचा नाही, असं ते गृहीत. भारतातल्या समाजशास्त्राच्या इतिहासात हे गृहीत सगळ्यात वाईट कुठे आपटतं, तर बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधावर.

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अभ्यासक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी निबंध वाचतो. विषय भारतातल्या जाती, त्यांची रचना, उगम आणि वाढ. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. म्हणजे हे कुठलं पत्रक नव्हतं, सभेतलं भाषण नव्हतं. त्या काळच्या मान्यताप्राप्त संशोधन नियतकालिकात आलेला, संदर्भ देऊन लिहिलेला निबंध होता.

या निबंधात बाबासाहेब इतरांचा आधार कसा घेतात, हे आमच्या पोरांनी एकदा तरी बारकाईने पाहावं. सुरुवातीलाच ते चार व्याख्या समोर मांडतात: फ्रेंच अभ्यासक सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. सेनार यांनी विटाळाला जातीचं लक्षण मानलं. बाबासाहेब म्हणतात, विटाळ हा धार्मिक विधींमुळे आलेला रंग आहे, जातीचा गाभा नव्हे. नेसफील्ड परक्यांशी रोटीव्यवहार न करण्यावर बोट ठेवतात. तो परिणाम झाला, त्याला कारण समजू नका, हे उत्तर. रिस्लींकडे वेगळं घेण्यासारखं काही नाही, म्हणून ते एका वाक्यात बाजूला. मग केतकर. केतकरांचं पुस्तक १९०९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासातून आलेलं. ज्ञानकोशकार म्हणून मराठी माणसाला ते नंतर कळले. एक ब्राह्मण अभ्यासक, दुसरा महार विद्यार्थी, दोघंही अमेरिकेत शिकलेले. बाबासाहेब केतकरांची मोकळेपणाने स्तुती करतात, इथल्या माणसाने डोळसपणे केलेला अभ्यास म्हणून त्याला मान देतात, आणि लगेच त्यांची चूक दाखवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली: जातीत जन्मलेल्यालाच प्रवेश, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्न बाहेर होऊ दिलं नाही की बाहेरचा आत येणार कुठून? म्हणजे उरतं एकच, जातीतल्या जातीत लग्न.

ऋण आणि मतभेद एकाच परिच्छेदात. याला म्हणतात संदर्भ देणं.

त्यापुढचा भाग तर आजही अंगावर येतो. जातीतल्या जातीत लग्न टिकवायचं तर बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा मेला की एक बाई ‘जास्त’ होते, बायको मेली की एक पुरुष. या जास्तीच्या बाईचं काय करायचं? तिला सरणावर चढवा, नाहीतर सक्तीचं वैधव्य लादा. जास्तीच्या पुरुषाला लग्नाच्या वयाला न पोचलेल्या मुलींमधून बायको द्या. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी म्हणजे धर्माचा वेडेपणा नव्हे, जातीची भिंत उभी ठेवणारे खांब आहेत. बाईच्या शरीरावरच्या ताब्याशिवाय जात टिकत नाही, हे १९१६ मध्ये लिहिलेलं आहे. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी २०१३ मध्ये मनुस्मृतीच्या निमित्ताने बाबासाहेबांचे लेख स्त्रीवादी अभिजात लेखन म्हणून एकत्र मांडले, तेव्हा कुठे विद्यापीठातल्या स्त्री-अभ्यासाने या पानांकडे गंभीरपणे मान वळवली. मधे सत्त्याण्णव वर्षं गेली.

मी समाजशास्त्रात एमए केलं तेव्हा जातीच्या पेपरात घुर्ये होते, श्रीनिवास होते, द्युमाँ होते. बाबासाहेब होते ते ‘दलित चळवळ’ या घटकात, नेता म्हणून. सिद्धांत मांडणारे एका यादीत आणि ज्यांच्यावर सिद्धांत मांडायचा ते दुसऱ्या यादीत. कुठलं विद्यापीठ हे सांगायची गरज नाही, कारण एखादं सोडलं तर तेव्हा सगळीकडे हेच होतं.

आता श्रीनिवासांची गोष्ट. १९५२ मध्ये कूर्ग लोकांवरच्या पुस्तकात एम. एन. श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना रूढ केली. खालची जात वरच्या जातीचे आचार उचलते आणि काही पिढ्यांत वरचं स्थान मागते. आमच्यातले काहीजण लगेच ओरडतात की हे बाबासाहेबांकडून चोरलं. मी तसं म्हणत नाही. श्रीनिवासांनी कूर्गमध्ये प्रत्यक्ष काम केलं होतं आणि दोन माणसं स्वतंत्रपणे एकाच गोष्टीपाशी पोचू शकतात. माझा मुद्दा वेगळा आहे आणि मला तो चोरीच्या आरोपापेक्षा जास्त गंभीर वाटतो.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा अनुकरणाचा नियम घेतला. अनुकरण वरून खाली वाहतं आणि जवळच्यांत जास्त, लांबच्यांत कमी होतं. तो त्यांनी जातीला लावून दाखवला. ब्राह्मणांच्या सगळ्यात जवळ असलेल्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या, जरा लांबच्यांनी त्यातल्या एकदोन, फार लांबच्यांनी फक्त जातीवरची श्रद्धा. पण बाबासाहेबांच्या मांडणीत माणूस वरच्याकडून काय शिकतो? दार लावून घ्यायला शिकतो. एकाने दार लावलं की बाकीचे आपोआप बाहेर राहतात, आणि बाहेर राहिलेले आपलं वेगळं दार लावतात. म्हणजे अनुकरणातून जाती वाढतात, बाईवरची बंधनं वाढतात. श्रीनिवासांच्या कल्पनेत तेच अनुकरण वर चढायची शिडी होतं. एकात जातीचं यंत्र कसं चालतं ते दिसतं, दुसऱ्यात त्या यंत्रातून कोण किती वर सरकलं ते दिसतं. ही दोन उत्तरं समोरासमोर ठेवून तीन पिढ्या वाद व्हायला हवा होता. एका निबंधाचा उल्लेख राहिला म्हणजे एका माणसाचा मान गेला एवढंच होत नाही, एक अख्खा वाद व्हायचा राहून जातो.

कोलंबियातच पुढे १९४० च्या दशकापासून रॉबर्ट मर्टन शिकवत होते. विज्ञानाचं समाजशास्त्र ज्यांनी उभं केलं ते. गारफिल्डच्या मोजणीला त्यांचाच वैचारिक टेकू होता. त्यांची एक कल्पना अशी की काही विचार इतके मुरतात की लोक मूळ लेखकाचं नावच घेत नाहीत. गुरुत्वाकर्षण म्हणताना कुणी न्यूटनचा ग्रंथ नमूद करत नाही. नाव पुसलं जातं ते यश म्हणून. बाबासाहेबांना काहीजण हेच लावतात, ‘त्यांचे विचार सर्वांनी आत्मसात केलेत.’ साफ चूक. पुसण्याआधी पाटीवर नाव लिहिलेलं असावं लागतं. इथे पाटीच दिली नव्हती.

अर्थात सगळा दोष मनातल्या जातीवर टाकून मोकळं होता येणार नाही. पुस्तक हाताशी नसेल तर कोण कसा आधार घेणार, हाही प्रश्न आहे. ‘जातिसंहार’ म्हणजे लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेलं भाषण. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ते स्वतः छापलं, दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, भाषांतरं झाली. वाचक अफाट. पण स्वतः छापलेल्या पुस्तिकेला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा नसते. १९१८ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिलं. तुकडे जोडून काही होणार नाही, शेतीवर बसलेली रिकामी माणसं उद्योगात न्यायला हवीत, हा त्याचा गाभा. आर्थर लुईस यांचा गाजलेला निबंध १९५४ चा, छत्तीस वर्षांनंतरचा. पण मुंबईतल्या त्या नियतकालिकाचा पहिला खंड किती जणांच्या हाती होता? महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला तो १४ एप्रिल १९७९ ला, संपादन वसंत मून यांचं. १९१६ चा निबंध त्यातच आहे. तिथून पुढे ‘मिळत नाही’ ही सबब संपली. आमच्या समाजशास्त्राच्या पेपरात तो त्यानंतरही नव्हता, तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं.

कागद छापून हाती आले की काय होतं याचं उदाहरण आपल्या कोल्हापुरातच आहे. शाहू महाराजांचे कागद शिवाजी विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ विलास संगवे यांनी खंडांमधून प्रसिद्ध केले, आणि महाराजांबद्दल कुणी काही बोललं तर ‘कुठे लिहिलंय’ असं विचारता येऊ लागलं. गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक चळवळीवरच्या प्रबंधासाठी जुनी मराठी पत्रकं आणि वृत्तपत्रं धुंडाळली, म्हणून ती जगाच्या संदर्भसूचीत गेली. नाहीतर ‘दीनबंधू’, ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ यांतल्या एकाही ओळीला गारफिल्डच्या यादीत जागा नव्हती. शाहू महाराजांनी मदत दिलेल्या ‘मूकनायका’चा एच-इंडेक्स किती, असं विचारून बघा.

आता दुसरी बाजू, लेखक कोण म्हणायचं? याचं उत्तर प्रत्येक शास्त्रात वेगळं आहे. गणितात आणि अर्थशास्त्रात नावं बहुधा अक्षरक्रमाने लावतात. जीवशास्त्रात पहिलं नाव हाताने काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या मालकाचं. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर आलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांच्या त्या लेखात विज्ञान नऊ पानं, बाकी नावं आणि संस्था. हसू येतं, पण मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. यंत्राचा नट आवळणाऱ्या अभियंत्याचंही नाव आहे. आमच्या समाजशास्त्रात याच्या उलट. वस्तीत आठ महिने फिरून मुलाखती घेणारी मुलगी ऋणनिर्देशात ‘विशेष सहकार्य’ होते, आणि जिने चुलीशी बसून दोन तास स्वतःचं आयुष्य सांगितलं ती ‘उत्तरदाता क्रमांक १७’.

खुद्द मर्टन यांच्या घरातलं उदाहरण घ्या. ज्याच्याकडे नाव आहे त्यालाच आणखी श्रेय मिळतं, हे सांगणारा त्यांचा ‘मॅथ्यू परिणाम’ हा निबंध १९६८ चा. त्यातला कळीचा मजकूर हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांच्या घेतलेल्या मुलाखतींचा. निबंधावर नाव एकट्या मर्टनचं. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की हा लेख दोघांच्या नावाने यायला हवा होता. १९९३ मध्ये मार्गारेट रॉसिटर यांनी बायकांचं श्रेय असं गिळलं जाण्याला ‘मटिल्डा परिणाम’ असं नावच दिलं.

हे वाचताना आपल्या माणसांना बरं वाटतं, कारण दोष अमेरिकेतला. म्हणून पुढचं लिहिते.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये आला. त्यासाठी त्यांनी १५ मार्च १९५६ ला एक प्रस्तावना लिहिली होती. हा ग्रंथ कसा घडला हे तीत आहे, आणि आजारपणात आपल्याला ज्यांनी जगवलं म्हणून तो पुरा झाला त्यांचे आभार आहेत: पत्नी सविता आणि डॉ. मालवणकर. ग्रंथ छापला गेला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. माईसाहेबांवर संशय घेतला जात होता, चळवळीने त्यांना बाहेर काढलं होतं, आणि त्यांच्या नावाचे आभारही बाहेर गेले. भगवान दास यांनी १९८० मध्ये बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावना गोळा करून छापल्या तेव्हा ती सर्वांसमोर आली. माईसाहेबांबद्दल कुणाचं काय मत असायचं ते असो. लेखकाने स्वतःच्या हाताने मान्य केलेलं ऋण त्याच्या मागे कापायचा अधिकार कुणाला? विद्यापीठाने बाबासाहेबांशी जे केलं ते आपण एका बाईशी केलं. आपल्याकडे तर कारणही तेच होतं, ती ब्राह्मण घरात जन्मली होती.

त्या कापलेल्या प्रस्तावनेबरोबर आणखी एक माणूस गेला. कृष्णराव अर्जुन केळुसकर. लहानपणी सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि आपण बुद्धाकडे वळलो, हे बाबासाहेब तिथे सांगतात. धनंजय कीरांच्या चरित्रामुळे आपण सगळे म्हणतो की हा सत्कार १९०७ मध्ये मॅट्रिकनंतर झाला. बाबासाहेब स्वतः प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख करतात. कीरांचं पुस्तक १९५४ चं, तेव्हा ही प्रस्तावना लिहिलीच गेली नव्हती. पण आज दोन्ही समोर असताना व्याख्याते एकच सांगत राहतात. जयंतीच्या व्यासपीठावर कुणी ‘गुरुजी, हे कुठे आहे?’ असं विचारलेलं मी अजून ऐकलं नाही.

केळुसकरांच्या नशिबी हे दुसऱ्यांदा आलं म्हणायचं. त्यांनी शिवाजी महाराजांचं मोठं मराठी चरित्र लिहिलं. १९२१ मध्ये त्यावर बेतलेलं इंग्रजी पुस्तक आलं. मुखपृष्ठावर लेखक म्हणून प्रा. नि. स. टाकखाव, आणि केळुसकरांच्या मूळ मराठी ग्रंथावर आधारित असल्याचा उल्लेख खाली. टाकखावांनी काही लपवलेलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण इंग्रजी वाचणारा अभ्यासक आधार घेताना ‘टाकखाव’ लिहितो, खालची ओळ गळते, आणि मराठीत कागदपत्रं चाळत बसलेला शाळामास्तर यादीतून नाहीसा होतो. यासाठी कुणाला दुष्ट असावं लागत नाही. यादी करायची पद्धतच तशी आहे. पहिलं नाव मोजायचं, इंग्रजी मोजायचं.

याच सवयीने आपल्याकडचे फॉरवर्डही चालतात. ‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरून स्थापन झाली, आयोगाच्या प्रत्येक सदस्याच्या हातात ते पुस्तक होतं.’ दर एप्रिलला येतं. पुढे पाठवणाऱ्याला विचारलं की तो दुसरा फॉरवर्ड दाखवतो. कागदावर जे आहे ते मला याहून मोठं वाटतं. १९२३ चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडनच्या पदवीसाठीचा प्रबंध. त्यात बाबासाहेब थेट केन्स यांच्याशी वाद घालतात. सरकारच्या हाती रुपया पाडायची मोकळीक ठेवणारी सुवर्ण-विनिमय पद्धत गरिबाच्या खिशाला कात्री लावते, म्हणून ती नको, हा त्यांचा मुद्दा. प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची, आणि कॅनन त्यात चक्क लिहितात की मला यातले बरेच युक्तिवाद पटत नाहीत, पण काही घाव अचूक बसलेत. न पटणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुस्तकाला शिक्षक अशी प्रस्तावना देतो, आणि विद्यार्थी ती तशीच छापतो. मग १५ डिसेंबर १९२५ ला बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली. आयोगाचा अहवाल १९२६ चा, रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा, बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. आयोगाला त्यांनी दिलेलं निवेदन आणि साक्षीतले प्रश्न-उत्तरं शासनाच्या सहाव्या खंडात छापलेली आहेत. वाचायला एक दुपार पुरते.